नमुना एकतीस

इनास इंजिनाला कान लावून बसला होता.
म्हणाला, टायमिंग चेन जरा बडबडते, बाकी गाडी गुणी आहे.
मी कन्नमवार नगरच्या त्या जिन्यात
पायरीवर रुमाल अंथरून
कागद वाचत होते.

मला इंजिनातलं कळत नाही.
बावीस वर्षं एफ-दक्षिण वॉर्डात, जन्म-मृत्यूच्या खिडकीत;
नावातली एक वेलांटी चुकली
तर माणूस किती हेलपाटे घालतो
ते काचेच्या आतून पाहिलंय.

तर आरसी: एमएच शून्य तीन, दोन हजार सोळा,
मालक पहिला आणि एकच,
उमाकांत धोंडू खडपे.
बोजा एका पतपेढीचा,
तो उतरवल्याचं पत्र घडीवर फाटलेलं,
मागून सेलोटेपची पिवळी पट्टी.
विमा जूनमध्ये संपला.
पीयूसी त्याच्याही आधी.

चासीचा नंबर बघायला पर्समधली पेन्सिल काढली.
हँडलखालच्या लोखंडावर पातळ कागद धरून
हलक्या हाताने घासली.
काळ्यातून पांढरे आकडे वर आले,
एकेक, झोपेतून उठल्यासारखे.
सगळे जुळले. फक्त एक आठ
गंजाने तीन झाला होता.
बोटाने चाचपला. आठच होता.

विकणारा, श्रीकांत खडपे, चहा घेऊन आला.
विचारलं, चलानं?
त्याने मोबाईल पुढे केला.
दोन हेल्मेटची, जुनी.
एक मार्चमधलं, पहाटे तीन वाजून दहा मिनिटं,
परळचा सिग्नल तोडला.
फोटोत दोघं होते:
पुढचा वाकलेला,
मागचा पुढच्याच्या पाठीला
ओढणीने बांधलेला.
भरून टाकतो, तो म्हणाला.

मग त्याने नमुना एकोणतीस काढला, मग तीस.
भाऊ गावी असतो, सह्या आणून ठेवल्यात.
शोरूमच्या पावतीवर उमाकांतच्या उ ची शेपटी
पार खडपेच्या खालून रेघ ओढत जाते,
घाईतला, खुशीतला माणूस, नवी गाडी समोर उभी.
एकोणतिसावर तोच उ
चित्र काढावं तसा काढलेला,
मधे दोनदा पेन उचललेलं.

विचारलं, कधी गेले?

इनासने इंजिन बंद केलं.
वरच्या मजल्यावर कुकरची शिट्टी झाली.
तुम्ही फोटो पाहिलात ना, श्रीकांत म्हणाला,
त्याच सकाळी.
दाखला काढलेला नाही.
आईला माहितीय सगळं, पण कागद घरात आला की
बाकीचं वाक्य त्याने चहाबरोबर गिळलं.

मी रागावले नाही असं नाही.
म्हटलं, उद्या ही गाडी कुणाला धडकली
तर पोलीस कुणाच्या नावाने दार वाजवतील?
तुमच्या आईच्याच ना?
मग जे रोज सांगते ते सांगितलं:
मालक वारला की नमुना एकतीस लागतो,
सोबत दाखला, वारसांची संमती,
वहिनींची सही, वहिनींच्याच हाताने.
मृत्यू जिथे झाला त्या वॉर्डात नोंद.
परळला असेल तर आमच्याकडेच.
खिडकी चार, साडेदहानंतर या.

गाडी घेतली नाही.
परतीच्या वाटेवर इनास चिडून म्हणाला,
सत्तावीस हजारांत असं इंजिन मिळत नाही, ताई.

गौरी-गणपती झाल्यावर तो आला,
रांगेत सातवा.
काचेपलीकडून नाव सांगितलं,
वडिलांच्या नावासकट,
ओळख न दाखवता. मीही नाही दाखवली.
वय विचारलं. स्पेलिंग विचारलं.
पडद्यावरचं खडपे त्याने दोनदा वाचलं.
पर्समध्ये तो पेन्सिलीचा कागद अजून तसाच होता,
पण गाडीचं कुणीच काढलं नाही.

किती प्रती?
तीन.
चार घ्या, म्हटलं,
आरटीओवाले एक ठेवून घेतात.